मूळ कोणते?

कादंबरीवरून मालिका निघाली, की ‘मूळ कृतीला न्याय मिळाला का?’ एवढ्या एकाच प्रश्नावर तिचा निवाडा करण्याचा प्रघात आहे. व्यक्तिगत आवडनिवड म्हणून हा निवाडा क्षम्य ठरेल. समीक्षा म्हणून नाही. कारण ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही.

विक्रम चंद्रा यांची ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) ही कादंबरी इंग्रजीत आहे. तिच्यातील गायतोंडे, काटेकर इंग्रजीत जगत नाहीत. हिंदी-मराठी शब्द पेरून चंद्रा मुंबईच्या बोलीचा प्रत्यय देऊ पाहतात. तरीही वाचकापुढे येते ते एका अर्थी भाषांतरच. २०१८ च्या मालिकेत कॉन्स्टेबल काटेकर घरी मराठी बोलतो. कादंबरीने जी वाणी गृहीत धरली होती, ती येथे प्रत्यक्ष उच्चारली जाते. मग मूळ कोणते आणि रूपांतर कोणते?

वाणी परत मिळाली म्हणून मालिका श्रेष्ठ ठरली, असे मात्र नव्हे. शिवराळपणालाच बोली मानण्याचा मोह तिला वारंवार आवरत नाही. हा तिचा गंभीर दोष आहे, आणि तो निष्ठेच्या निकषाने कधीच सापडणार नाही. त्यासाठी संवादांचा पोत, लय आणि बोलणाऱ्याचे सामाजिक स्थान यांचा एकत्र विचार व्हावा लागेल. पुस्तक मांडीवर घेऊन प्रसंग ताडून पाहणाऱ्या आणि पडद्याखालच्या इंग्रजी ओळींवर विसंबणाऱ्या समीक्षकाला तो ऐकूच येत नाही.