भरपाई मागणे म्हणजे लसविरोध नव्हे

कोविडकाळात लसीबद्दल अफवा पसरल्या होत्या. तेव्हा आम्ही कोथरूडचे कार्यकर्ते ‘लस घ्या’ असे घरोघरी सांगत होतो. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. म्हणूनच ज्यांना लसीमुळे इजा झाल्याचा दावा आहे, त्यांच्याकडे मला पाठ फिरवता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की लस ऐच्छिक होती. भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे. पण ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली, ती दोन डोसांच्या अटीवर. ही कसली ऐच्छिकता?

ब्रिटनमध्ये १९७९ पासून कायदा आहे : लसीमुळे गंभीर अपंगत्व आल्यास कुणाचा दोष सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मिळते. लस सर्वांसाठी घ्यायची, तर दुर्मीळ इजेचा भार एकाच कुटुंबावर का?