तोफेचा नांगर, तलवारीचा तंबोरा

दिवाळीआधी गावाकडचं घर झाडायला गेलो आणि माळ्यावरून कंदील खाली आला. काच तडकलेली, वात जळून कोळसा झालेली, तळाला गंज. पुतण्यानं लगेच फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मला म्हणाला, "काका, पुण्यात हॉटेलवाले असले कंदील शोभेला टांगतात. दोन हजार सहज येतील." मी धोतराच्या जुन्या फडक्यानं टाकी पुसली. हळूहळू अक्षरं वर आली. प्रभाकर.

आमच्या आजीच्या तोंडी कंदील हा शब्दच नव्हता. तिन्हीसांज झाली की ती म्हणायची, "प्रभाकर पुसून ठेव गं." आत्याला लहानपणी वाटायचं की प्रभाकर हा घरातलाच कुणी थोरला माणूस असणार, ज्याला रोज संध्याकाळी पुसून ठेवावं लागतं. आम्ही यावर पुष्कळ हसलो आहोत. पण आत्या फारशी चुकलेली नव्हती. कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 साली काचेचा कारखाना काढला आणि पुढं त्यात कंदील करू लागले, तेव्हा त्याला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं. ते नाव सूर्याचंही होतं, हा दुहेरी फायदा. परदेशी कंदिलांच्या बाजारात उतरायचं तर नावात एवढा तरी उजेड हवाच. महायुद्धामुळं बाहेरून येणारी काच अडली होती आणि स्वदेशीचं वारं होतं. तळेगावला टिळकांच्या पाठबळानं लोकांकडून पैसा पैसा गोळा करून पैसाफंडाचा काच कारखाना आधीच उभा राहिलेला होता. म्हणजे देशी काच होते, हे लोकांनी पाहिलेलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवायचा का, एवढाच प्रश्न उरला होता. आजीसारख्या बायकांनी त्याचं उत्तर दिलं.

कारखान्याभोवती वस्ती झाली, तिचं नाव ओगलेवाडी. तिथून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आणखी खाली गेलं की किर्लोस्करवाडी. आमच्या भागात वाडीला नाव पडतं ते पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या भावकीचं: पाटीलवाडी, मोरेवाडी, शिंदेवाडी. या दोन वाड्यांना मात्र कारखान्यांची नावं पडली. आणि दोन्ही एकाच राजाच्या मुलखात.

हा राजा म्हणजे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं, आणि तीही एकमेकांना लागून नाहीत. साताऱ्याच्या आणि विजापूरच्या मुलखात कुणी मूठभर ज्वारी फेकावी तशी विखुरलेली. बाळासाहेब चित्रं काढत, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्कारांचं त्यांना वेड होतं. आज शाळेच्या मैदानावर पोरं जे बारा सूर्यनमस्कार घालतात, त्यांचा घरोघर प्रसार करण्यात या माणसाचा वाटा मोठा. 1928 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे. त्या काळी ज्यांनी ते घातले, त्यांची मतं काय होती ते मला माहीत आहे, कारण आमचे आबा त्यांतले एक होते. राजा चांगला होता, पण पहाटे उठवायचा, एवढंच ते सांगत.

तर या राजाकडं 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आले. आले म्हणण्यापेक्षा यावं लागलं. बेळगावात त्यांचं दुकान आणि कारखाना होता, ती जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. एखादा माणूस हाय खाऊन बसला असता. पण लक्ष्मणरावांना धंदा मोडण्याची एव्हाना सवय झालेली असावी. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं की आपल्याला काही रंग ओळखूच येत नाहीत. रंग सुटला, रेघ उरली. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवायलाही लागले. तिथं बढतीची वेळ आली तेव्हा ती हक्काच्या माणसाला सोडून एका अँग्लो-इंडियनला मिळाली. राजीनामा दिला आणि बेळगावात भावाबरोबर सायकली विकू लागले. सायकलीच्या दुकानातून कडबा कापायचं यंत्र निघालं, आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर.

नांगराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आता नांगर म्हणजे ट्रॅक्टरमागचा, एवढंच पोरांना ठाऊक. आमचं रान काळं. त्यात कुंदा आणि हरळी. कुंदा म्हणजे शेतकऱ्याच्या मागं लागलेला सावकार. वरून कितीही कापा, मूळ खोल असतं आणि पावसाबरोबर पुन्हा दारात उभा. बाभळीच्या लाकडाचा जुना नांगर जमीन फाडायचा, उलटवायचा नाही. मोठ्या नांगराला चार चार जोड्या जुंपायच्या, गावातल्या अर्ध्या लोकांचे बैल मागून आणायचे, आणि एवढं करून माती होती तिथंच. लोखंडी नांगराच्या फाळामागं बाकदार पंख असतो. फाळ माती कापतो आणि त्या पंखावरून ढेकूळ वर सरकत जाऊन पालथं पडतं. कुंद्याची मुळं उन्हाला लागतात. एवढ्याच एका वळणाची सगळी करामत.

आणि ती कुणालाच नको होती. लोखंडानं जमीन नासते, तिला विष चढतं, असा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आज आपण या समजुतीला हसतो, पण मला त्या शेतकऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटते. नांगर फसला तर विकणाऱ्याचा नांगर जातो, घेणाऱ्याचं वर्ष जातं. शिवाय विलायती नांगरापुढं हा टिकेल का, ही शंका काही अडाणीपणाची नव्हती. सुरुवातीचे फाळ लवकर झिजत, आणि ते कठीण कसे करायचे हे लक्ष्मणरावांना चुकत चुकतच सापडलं. गिऱ्हाईक कुरकुरलं नसतं तर ते त्यांनी शोधलं असतं का?

औंधच्या राजानं त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ. माळ कसला, निवडुंग आणि नाग. आमच्या आबांचे चुलते तिथं पहिल्या काही वर्षांत कामाला होते. त्यांच्या गोष्टींत नांगरापेक्षा सापच जास्त असत. रेल्वे मात्र दारात होती. लोखंड आणि कोळसा उतरवायचा, नांगर चढवायचे. राजाची जमीन, इंग्रजांचे रूळ आणि नगरपालिकेनं उठवलेला माणूस, असा तो संसार.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा विश्वास बसला नव्हता, कारण ती फार शोभिवंत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवावं अशी. पण कारखानदाराच्या बाजूनं पाहिलं तर ती साधी आहे. त्याला ओतीव धातू हवा होता आणि गडांवर तो गंजत पडला होता. तोफ ओळखणारे कितीतरी होते, तिच्यात नांगर किती निघतील हा हिशेब करणारे थोडे.

किर्लोस्करवाडीहून पुढं गाडी मिरजेला जाते. मधे भिलवडी लागतं. 1939 साली तिथं सुरू झालेल्या चितळ्यांच्या डेअरीबद्दल मी लिहिणार नाही, त्यांच्याबद्दल लिहायला पुणेकर समर्थ आहेत. तासगावच्या द्राक्षाबद्दलही दोनच ओळी. तास-ए-गणेश हे नाव ऐकून परगावच्या माणसाला ती इराणी जात वाटते. पण 'तास' म्हणजे आमचं तासगाव, आणि 'गणेश' कोण हे तासगावात विचारायची सोय नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्यानं थॉम्पसन सीडलेस वेलीतून ही जात निवडून काढली. साधारण चार किलो द्राक्षं सावलीतल्या जाळीवर सुकली की किलोभर बेदाणा होतो; तुमच्या श्रीखंडातला बहुतेक इकडचाच.

मिरजेत मात्र उतरायला हवं. स्टेशनपासून फार लांब नाही, सतारमेकर गल्ली. आत शिरलं की दोन्हीकडं दुकानांत भोपळे टांगलेले. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. गोड भोपळ्याला कीड लागते, कडूला लागत नाही. तंबोऱ्याचा गोडवा कडूपणावर उभा आहे असं एका कारागिरानं मला सांगितलं होतं. हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार हे मला कळत होतं, तरी मी ते लिहून घेतलं.

या कारागिरांचं आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. तलवारी, भाले, कट्यारी. मराठ्यांचं राज्य गेलं, मिरज पटवर्धनांकडं राहिली, पण लढाई संपली. धार लावायची कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ यांनी दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्त करायला घेतली, आणि दुरुस्त करता करता नवी करायला शिकले. आज देशातले मोठे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. 2024 मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळा, तुणीचं लाकूड, खुंट्या हे सगळं बाहेरून दिसतं. खरं काम असतं जवारीचं. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा दिसायला सपाट वाटतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते, आणि त्यातून तो मधमाश्यांसारखा झंकार येतो. उतार केसभर चुकला तर तार मुकी होते किंवा पत्र्यासारखी वाजते. मग तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवायचा, त्याला 'जीव' म्हणतात. जवारी काढायचं हत्यार साधी कानस. मी त्या म्हाताऱ्या कारागिराला कानस चालवताना पाहिलं: दोन हात घासायचं, तार लावायची, छेडायची, डोळे मिटायचे, परत तार उतरवायची. अर्धा दिवस. त्याच्या पणजोबानं तलवारीच्या पात्यावर अशीच नजर ठेवली असेल. धातूवरून बोट फिरवून कुठं किती उरलं हे ओळखण्याचं शिक्षण त्या घराला लढायांनी दिलं होतं आणि लढाया संपल्यावरही ते हातात होतं.

सांगली मिरजेच्या शेजारी, आणि सांगली म्हटलं की हळद. पण माझं लक्ष हळदीपेक्षा ती ठेवायच्या जागेवर. सांगलीलगत हरिपूरला, कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत पेवं आहेत. तिथली मातीच अशी की खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाचट-पेंढा लावायचा, हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. आत हवा उरत नाही, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं राहते. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण वर्तमानपत्रात रोज लिहितो. शिकवण्यांचं पेव, महामंडळांचं पेव. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पेव फुटताना पाहिलंय? आमच्या परड्यात ज्वारीचं लहानसं पेव होतं. ते उघडलं की आबा कुणाला जवळ येऊ देत नसत. तोंड मोकळं ठेवून वाट पाहायची, मग दोरीला बांधून प्रभाकर आत सोडायचा. ज्योत जळत राहिली तर माणूस उतरेल. मालवली तर दुसऱ्या दिवशी. हरिपुरातली बरीच पेवं 2005 च्या महापुरात गेली. आमचं त्याआधीच बुजवलं होतं, त्यावर आता चुलतभावाची मोटारसायकल उभी असते.

कंदील मी विकला नाही. पुतण्या नाराज झाला, पण काच आणि वात मिळवून देतो म्हणून माझ्याबरोबर सांगलीला आला. गणपती पेठेत चार दुकानं फिरलो. पाचव्या दुकानदारानं चष्मा वर केला आणि विचारलं, "कंदील कंचा?"

"प्रभाकर."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. खालच्या खणातून वातीचं भेंडोळं काढलं आणि वीतभर कापून कागदात गुंडाळलं. "काच न्हाई," तो म्हणाला. "आन् रॉकेल कुठनं आणणार?"