शेरा आधी, काम नंतर

सॉर्टिंग केससमोर वीस वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्याचा हात आपोआप योग्य खणाकडे जातो. निरीक्षक पाठीशी येऊन उभा राहिला की तोच हात अडखळतो. इंजिनात निरीक्षक चढला की सिग्नल मोठ्याने पुकारले जातात, पण निम्मे लक्ष त्याच्या वहीकडे असते. हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. प्रशासन मात्र त्याला "कामचुकारांची सबब" म्हणते.

तपासणीला आमचा विरोध नाही. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे, ती व्हायलाच हवी. प्रश्न आहे तो तपासणाऱ्याने आधीच मत बनवले आहे, या भावनेचा.

जागतिक बँकेचे सल्ले आम्हाला एरवी पचत नाहीत. पण तिच्यासाठी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी केलेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक शाखेत चर्चिला जावा असा आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उच्चारली नाही तेव्हा दोन्हींकडची मुले सारखीच हुशार ठरली. मग सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात पुकारली गेली, आणि दलित मुले स्पष्टपणे मागे पडली. मुले तशीच, कोडीही तशीच. पुढचा भाग अधिक बोलका आहे. मोबदला कोणाला द्यायचा हे माणूस नव्हे तर चिठ्ठी ठरवणार, असे सांगताच ही तफावत नाहीशी झाली! आपल्याला न्याय मिळणार नाही असे ज्याला वाटते, त्याचा हुरूपच जातो, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

राखीव जागेवर बढती मिळालेल्या आमच्या बांधवाला पहिल्याच दिवशी "कोट्यातला" म्हणून ओळख करून देणाऱ्या साहेबांनी हे वाचावे. नंतर त्याची चूक झाली की मान डोलावणाऱ्यांनीही वाचावे. त्यांत आमचे काही सभासद आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

गोपनीय अहवालाचे दुखणे याच जातीचे होते. काय लिहिले आहे ते कळत नसे, फक्त बढती हुकल्यावर अंदाज येई. देव दत्त या अभियंत्याला १९९३-९४ चा "चांगला" हा शेरा कळवलाच नव्हता. बढतीसाठी "अतिशय चांगला" लागत होता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असा निकाल दिला. २००९ च्या केंद्रीय आदेशाने गोपनीय अहवालाच्या जागी कामगिरी मूल्यांकन अहवाल आला आणि तो पूर्ण दाखवणे बंधनकारक झाले.

अहवाल हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत त्यावर निवेदन देता येते. कित्येक बांधव न वाचताच सही करतात आणि मुदत उलटल्यावर शाखेत येतात. शाखा सचिवांनी या वर्षी अहवाल मिळण्याच्या सुमारास प्रत्येक पाळीत जाऊन ही मुदत सांगावी.