याकोबाची श्रद्धा कमी पडली होती काय?

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दोन घटना पाठोपाठ येतात. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार करवितो. मग तो पेत्राला पकडून तुरुंगात टाकतो. पण रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो आणि पेत्र रस्त्यावर येतो. दोघेही प्रेषित, दोघेही येशूच्या अगदी निकटचे. रूपांतराच्या डोंगरावर दोघे होते, गेथशेमाने बागेतही दोघे होते. पेत्राच्या सुटकेवर आपण कितीतरी प्रवचने ऐकली. याकोबाच्या मरणाला लूकने एक वाक्य दिले. आपण तेवढेही दिले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या धर्मग्रामांतून पेत्राचीच साक्ष चालते. नोव्हेनाच्या नवव्या दिवशी, प्रार्थनासभेत, ध्यानसाधनेच्या अखेरीस ध्वनिक्षेपकासमोर कोण उभे राहते? ज्याची गाठ विरघळली, ज्याला आखाताचा व्हिसा मिळाला, जिच्या मुलीचे लग्न जुळले, ज्याचा जमिनीचा दावा निकालात निघाला, ते. त्यांचा आनंद खरा असतो. त्यांच्या कृतज्ञतेवर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच मंडपात मागच्या रांगेत एक बाई बसलेली असते. तिनेही तोच नोव्हेना तितक्याच निष्ठेने केलेला असतो आणि तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पहाटेच्या लोकलने मुंबईला न्यावे लागते. तिला कोणी पुढे बोलावत नाही. सभा संपल्यावर मात्र कोणीतरी तिचा हात धरून हळूच विचारते : घरात एखादे जुने पाप राहून गेले आहे का? कोणाला क्षमा करायची राहिली आहे का? श्रद्धा थोडी कमी पडते आहे का?

हा प्रश्न ख्रिस्ती नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. तो फार जुना आहे, हे मात्र खरे. ईयोबाच्या तीन मित्रांनी तोच विचारला होता. अलीफज, बिल्दद आणि सोफर ही माणसे दुष्ट नव्हती. सात दिवस ती मित्रापाशी जमिनीवर मुकाट्याने बसली होती, आणि तेवढा वेळ ती शहाणी होती. बोलू लागली तेव्हा बिघडले. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते : देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, म्हणजे तुझे काहीतरी चुकले आहे. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या तिघांवर. रडणारा, भांडणारा, देवालाच जाब विचारणारा ईयोब देवाविषयी योग्य ते बोलला असा निवाडा होतो आणि या भाविक मित्रांसाठी त्यालाच प्रार्थना करावी लागते. हा निवाडा आपण वाचतो, ‘प्रभूचा शब्द’ म्हणतो आणि घरी जाताना पुन्हा अलीफज होतो.

देव विश्वासू आहे या वाक्याचा अर्थ आपण हळूहळू विम्याच्या पॉलिसीसारखा करून टाकला आहे. हप्ते वेळेवर भरले की रक्कम मिळालीच पाहिजे. मिळाली नाही तर एखादा हप्ता चुकला असावा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांचा विश्वास या जातीचा नव्हता. भट्टीसमोर उभे असताना, आपला देव आपल्याला सोडवू शकतो असे त्यांनी राजाला सांगितले आणि त्याने न सोडवले तरी मूर्तीपुढे वाकणार नाही, हेही त्याच दमात सांगून टाकले. आपल्या साक्षींमध्ये पहिला भाग असतो. दुसरा भाग कुठे गेला?

ख्रिस्तसभा स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ काटेकोर आहे. लूर्द येथे १८५८ पासून लोटणाऱ्या लाखो यात्रिकांतून तिने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेले रोगनिवारण सत्तरहून थोडेच अधिक आहे. बाकीचे यात्रिक काय अश्रद्ध होते? ज्या बर्नादेतला पवित्र मरियेचे दर्शन झाले, जिच्या हातांनी तो झरा उकरला, ती स्वतः क्षयाने झिजत १८७९ साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी नेव्हेर येथील मठात वारली. तिच्या श्रद्धेत खोट काढायला आपल्यापैकी कोण धजेल?

वसईकराला या विषयात फार शोधायला नको. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले. त्यांचा सण आपण थाटाने करतो. त्यांच्या क्रुसानंतर त्या नागासाकीचे काय झाले, ते मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. उरलेल्या धर्मगुरूंपैकी शेवटचा, मान्सियो कोनिशी, १६४४ मध्ये रक्तसाक्षी झाला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, धर्मगुरू नाही. नागासाकीच्या लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवावा लागे. पुष्कळांनी ठेवला. घरी येऊन, दार लावून ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. खेड्यात एक जण सणवारांची दिनदर्शिका जपे, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई. शेतकरी आणि कोळी माणसे ही. त्या काळात त्यांच्याकडे एकही ‘साक्ष’ नव्हती. देवाने काय केले, असे कोणी विचारले असते तर दाखवायला काहीही नव्हते.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउराच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही मंडळी फ्रेंच धर्मगुरू पतीजाँ यांच्याकडे आली. तुमचे आणि आमचे हृदय एकच आहे, असे एका स्त्रीने त्यांच्या कानात सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. ते चर्च त्याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलेले होते, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही.

एवढ्यावर थांबलो तर ही कथा आपल्या मंडपात छान खपेल. सात पिढ्या धीर धरला, शेवटी फळ मिळाले, टाळ्या! पण ती तिथे थांबत नाही. प्रकट झाल्यामुळेच उराकामीच्या लोकांवर १८६७ पासून धरपकड सुरू झाली. सुमारे ३,४०० जणांना घरादारांतून उपटून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले. १८७३ मध्ये बंदी उठली तोवर त्यांतले सहाशेहून अधिक मरण पावले होते. उरलेले परतले आणि त्यांनी उराकामीला मोठे मंदिर उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब त्या मंदिरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. धर्मग्रामातील सुमारे १२,००० पैकी ८,५०० माणसे गेली. मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी चालू होती. मंदिरात पापनिवेदन ऐकत बसलेले धर्मगुरूही त्यांत होते.

आता कोणत्या वहीत याचा जमाखर्च मांडायचा? उराकामीत असे कोणते पाप राहून गेले होते? त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ढिगाऱ्यातून काढलेली घंटा लोकांनी वाजवली. विश्वास म्हणून मला हे एवढेच दिसते. त्या घंटेने एकही मेलेला उठला नाही.

डॉ. ताकाशी नागाई यांनी त्या नोव्हेंबरमध्ये मृतांसाठीच्या विधीत बोलताना या मरणाला होमबलीची उपमा दिली. पुढे अनेकांना ती पटली नाही, काहींना तिचा संताप आला. मलाही ती जशीच्या तशी उचलवत नाही. पण बोलणाऱ्याची पत्नी त्या आगीत गेली होती आणि तो स्वतः रक्ताच्या कर्करोगाने मरत होता. दुःखाला अर्थ देण्याचा हक्क ज्याचे दुःख आहे त्याचा. शेजाऱ्याने तो दिला की त्याचा दगड होतो. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आपण अंत्यविधीच्या घरात ज्या सहजतेने टाकून येतो, तेही याच जातीचे. पुष्कळदा त्यांचा खरा अर्थ, आता आम्हाला निघायचे आहे, इतकाच असतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. साक्षी बंद केल्या तर साध्याभोळ्या लोकांची श्रद्धा ढासळेल. साधे लोक म्हणजे कोण? उराकामीचे शेतकरी साधे नव्हते? आणि ढासळते ती कोणाची, हे कधी मोजले आहे काय? मिळाले नाही म्हणून लाजेने सभेला यायचे सोडून दिलेली कुटुंबे प्रत्येक गावात आहेत. ती देवावर रुसलेली नाहीत. आपल्या नजरांना भ्यालेली आहेत.

साक्षी बंद करा असे मी म्हणतही नाही. अपुऱ्या आहेत, एवढेच म्हणतो. स्तोत्रसंहितेत स्तुतीइतकाच विलाप आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तरीही ख्रिस्तसभा ते शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. प्रभूने क्रुसावर जो आक्रोश केला तोही एका स्तोत्राचाच आरंभ होता. जी प्रार्थना पुत्राला चालली ती आपल्या मंडपात का चालत नाही?

तेव्हा नोव्हेना समित्यांनी एवढे करावे. नऊ दिवसांतला एक दिवस, ज्यांना मागितलेले मिळाले नाही त्यांच्यासाठी ठेवावा. त्यांना बोलावेसे वाटले तर बोलू द्यावे, शेवट गोड करण्याची सक्ती नसावी, मध्येच कोणी गिटार वाजवू नये. बोलायचे नसेल तर त्यांच्याबरोबर गप्प बसावे. अलीफजलाही सात दिवस ते जमले होते. आणि त्या बाईच्या नवऱ्याला आठवड्यातून निदान एक दिवस कोणीतरी दुसऱ्याने लोकलने न्यावे. संत याकोबाचा सण २५ जुलैला येतो. पावसाचे दिवस, देवळात गर्दी बेताचीच. सुरुवात त्या दिवशी करायला हरकत नसावी.