वाड्यातली प्रभा

मूर्तिजापूरहून ज्या यवतमाळकडे पूर्वी शकुंतला धावायची, त्याच जिल्ह्यातल्या पारवा गावी १९३९ साली महेश एलकुंचवार जन्मले. त्यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली रंगमंचावर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' मिळून धरणगावच्या देशपांड्यांच्या पिढ्यांची कथा पुरी झाली.

वाड्यांच्या दुःखाशी आपल्याला काय करायचे, असे कुणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले होते.

ग्रीक नाटककार एस्किलसच्या 'ओरेस्तेइया'त (इ.स.पूर्व ४५८) आजोबाच्या पापाची फळे नातवापर्यंत पोचतात. शेवटी अथेन्सची न्यायसभा बसते, मते समसमान पडतात, ओरेस्तेस सुटतो आणि साखळी तुटते. धरणगावच्या वाड्यावर कोणत्या देवाचा शाप नाही. तिथे आहे ती इभ्रत! तात्याजी गेले, घरात पैसा नाही, ट्रॅक्टर बंद पडून गंजतो. तरी तेरवीच्या जेवणावळी घराण्याला शोभतील अशाच हव्यात. चंदू घरातच गड्यासारखा राबतो. प्रभाला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. घरातले सोने मात्र पेटीत जपून ठेवलेले.

आपल्याकडे लेकीच्या फीसाठी कानातले मोडणाऱ्या आया तुम्ही पाहिल्या असतील. त्या आयांना प्रभाचे दुःख कुणी समजावून सांगावे लागणार नाही. अखेर ते सोने घेऊन भास्करची रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. ती परत येते, सोने येत नाही.