विहीर आमची, नायट्रेट कोणाचे?

आमच्या आयोवा राज्यात माणसांपेक्षा डुकरे अधिक आहेत, हे ऐकून नवागत हसतात. परंतु सुमारे ३२ लाख लोकवस्तीच्या या राज्यात २ कोटींहून अधिक डुकरे पाळली जातात, ही वस्तुस्थिती आहे. त्यांची विष्ठा व रासायनिक खते मका-सोयाबीनच्या शेतांवर पडतात, आणि पिकांनी न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर नद्यांत व उथळ विहिरींत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

आमच्या परिचयातील एका तरुण बौद्ध जोडप्याने शहराबाहेर विहीर असलेले घर घेतले. बाळ दोन महिन्यांचे, पावडरीच्या दुधावर. नागपूरहून आजींची दूरध्वनीवरून ताकीद, "पाणी चांगलं वीस मिनिटं उकळूनच देत जा गं." सूनबाईंनी ती निष्ठेने पाळली. आजींचे अनुभवाचे बोल खोटे नव्हते. पटकी, हगवण, विषमज्वर यांनी ज्या वस्त्यांतील लेकरे नेली, तेथे त्या वाढल्या, आणि उकळल्याने ते जंतू मरतातच. परंतु नायट्रेट हा जंतू नव्हे, विरघळलेला क्षार आहे. पाणी आटते, नायट्रेट मागे राहते, आणि जितके उकळावे तितके दाट होते. आम्ही आग्रह धरून पाणी तपासून घेतले, तेव्हा प्रमाण मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. बाळ सुदैवाने सुखरूप आहे.

सहा महिन्यांच्या आतील अर्भकाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास निकामी होते आणि ओठ निळसर पडतात. विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा संबंध १९४५ साली याच आयोवातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी दाखवून दिला. म्हणजे ज्ञान येथेच जन्मले, आणि आज इतक्या वर्षांनी आम्हांस तेच सांगावे लागत आहे!

याचे कारण कायद्यात आहे. १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा सार्वजनिक पाणीपुरवठ्यास बांधतो; खाजगी विहिरीचा मालक एकटा. दुसरीकडे, शेतातून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या पाण्यास १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याखाली परवाना लागत नाही. डे मॉइन शहराच्या जलसंस्थेने २०१५ साली नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंटींतील निचरा-मंडळांवर दावा लावला. तो २०१७ साली फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच परिसरात नायट्रेट वाढल्यामुळे हिरवळीस पाणी घालण्यावर बंदी आली. दूषित करणारा मोकळा आणि पिणारा जबाबदार, हा न्याय आम्हांस मान्य नाही. मताधिकार मिळालेल्या आपल्या बांधवांनी हा प्रश्न प्रतिनिधींपुढे मांडलाच पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेले घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. वैद्यक शिकलेल्या माणसाला त्या शुद्धीकरणाचे हसूही येते आणि संतापही. पाणी कशाने बिघडते हे पोथीवरून ठरविणाऱ्यांशी आपले वाडवडील झगडले. आपण ते केवळ डोळ्यांनी आणि जिभेने ठरवावे काय?

येथील काउंटीचे आरोग्य खाते राज्याच्या योजनेतून खाजगी विहिरीचे पाणी बहुधा मोफत तपासून देते. दरवर्षी तपासावे, नायट्रेट व जंतूंबरोबर एकदा आर्सेनिकही पाहावे. अहवाल वाचताना एक दक्षता घ्यावी. नायट्रोजन म्हणून मोजल्यास मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे, नायट्रेट म्हणून मोजल्यास सुमारे ४५. ३० हा आकडा एका रीतीने निर्धोक, दुसऱ्या रीतीने तिप्पट. कोळशाचा साधा फिल्टर येथे निरुपयोगी आहे. रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र लागते. त्या जोडप्याने ते बसवून घेतले. खर्च अर्थातच त्यांनी केला, कुंपणापलीकडच्या शेतमालकाने नव्हे.