ओढल्या जाणाऱ्या मोटारीची शिदोरी

आमचे जांवई अमेरिकेंत असतात. तिकडे पुष्कळ कुटुंबें चालत्या घरासारख्या मोठ्या गाडींतून प्रवासास निघतात आणि आपली लहान मोटार तिच्यामागें जोडून ओढीत नेतात. गेल्या उन्हाळ्यांत ही मंडळी रात्रीं मुक्कामास पोंचली, तोंच नातवास ताप भरला. डॉक्टरांकडे जावें म्हणून लहान मोटार सोडली, तर ती सुरूच होईना. शेजारच्या प्रवाशानें आपल्या बॅटरीची वीज दिली, म्हणून निभावलें.

जांवयांकडून समजून घेतलेलें कारण वाचकांनींहि ध्यानांत घ्यावें. मोटारीचें इंजिन चालतें तेव्हांच तिची बॅटरी भरते. ओढली जाणारी मोटार धांवते खरी, पण तिचें इंजिन निजलेलें असतें. उलट, सुकाणूचें कुलूप उघडें राहावें म्हणून पुष्कळ मोटारींत किल्ली फिरवून ठेवावी लागते, आणि तींत बसविलेला जादा ब्रेक बहुधा तिच्याच बॅटरीवर चालतो. म्हणजे जमा कांहीं नाहीं, खर्च मात्र अखंड!

उपाय अवघड नाहीं. मोठ्या गाडीचें इंजिन वाटेनें वीज निर्माण करीतच असतें. तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीपासून एक तार लहान मोटारीच्या बॅटरीच्या धन टोंकास न्यावी. ऋण बाजूहि जोडलेली असावी. वीज दोहोंकडून येऊं शकते, म्हणून तारेच्या दोन्हीं टोंकांस, बॅटरीच्या लगत, तारेच्या जाडीस साजेसा फ्यूज हवा. मुक्कामावर जोड सोडावा, नाहीं तर एक बॅटरी दुसरीस रिती करील.

ज्यास आपण बरोबर नेतों, त्याच्या शिदोरीचीहि सोय आपणच करावयाची असते.